नऊ नंबरच्या डबीची पोच

वाचकहो, जे निवेदन मी आपल्यापुढे सादर करीत आहे, त्यातील एकही गोष्ट माझ्या पदरची नाही. ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवला ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे दाजी. मी सातवीपर्यंत शिकलेला, पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणारा मनुष्य आहे. लेखणीत काही उणे राहिले तर तो दोष माझा. प्रसंग मात्र सत्य आहे.

आणि तो रात्रीचा नाही.

दिवसाढवळ्या, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घडलेला आहे.

मार्च महिन्यातील चौदा तारीख. शनिवार.

गावाबाहेर एक शीतगृह आहे. एका लांब बोळाच्या दोन्ही अंगांना मिळून बारा खोल्या. आत गोठवलेल्या मटाराच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या. थंडी अशी की उघड्या हाताने लोखंडाला शिवले तर कातडी चिकटते. दाजी तेथे यंत्रांची देखरेख करीत.

प्रत्येक खोलीच्या भिंतीवर काडेपेटीएवढी एक पांढरी डबी बसविलेली होती. तिच्या पोटात रुपयाएवढी बॅटरी. त्या एवढ्याशा बॅटरीवर डबीने दोन वर्षे काढावयाची, म्हणून ती फार कमी बोले. आपण होऊन बडबड नाही. विचारले तर उत्तर, नाहीतर झोप. दाजी कार्यालयात संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर बसत आणि एक ओळ टाइप करीत. ओळीत कोणत्या डबीला विचारायचे तिचा पत्ता आणि काय विचारायचे ते. बटण दाबताच उत्तर येई. नऊ नंबर, तापमान? उणे एकोणीस. नऊ नंबर, बॅटरी? ठीक. बस्स, एवढाच संवाद.

समोरच्या टेबलावर हजेरीबाई बसत. कामगारांची हजेरी घेणे हे त्यांचे काम, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणत. त्या रोज सकाळी हटकून विचारीत, "काय हो, तुमच्या बारा सुना उठल्या का?"

"उठल्या."

"बारा सुना आणि एकीचाही आवाज नाही! मागच्या जन्मी पुण्य केलंत बघा."

आता एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व अनर्थ तिच्यातून उद्भवला.

प्रत्येक डबीवर एक लाल बटणही होते. कोणी चुकून आत कोंडला गेला तर त्याने ते दाबावे. डबी निरोप पाठवील आणि दाजींच्या पडद्यावर ओळ उमटेल. हा निरोप दोन तऱ्हांनी पाठविता येतो. एक, पोच मागून. म्हणजे पलीकडून 'मिळाले' असे आले नाही, तर डबी दोन सेकंदांनी पुन्हा पाठविते. मग चार सेकंदांनी. मग आठ. मग सोळा. दर खेपेस दुप्पट थांबते, आणि चार वेळा पुन्हा पाठवून झाले की नाद सोडते. दुसरी तऱ्हा पोच न मागण्याची. एकदा हाक मारली, काम संपले. कोणी ऐकली की नाही, डबीला त्याचे सोयरसुतक नाही.

पहिल्या तऱ्हेत बॅटरी जास्त खर्च होते. जानेवारीत बॅटऱ्या भराभर उतरू लागल्या, तेव्हा दाजींनी बाराही डब्या 'पोच नको' करून टाकल्या. नव्या बॅटऱ्या आल्या की पूर्ववत करू, असा विचार.

फेब्रुवारीत बॅटऱ्या आल्या. दाजी एकेक डबी पूर्ववत करू लागले. आठ झाल्या. तेवढ्यात फोन वाजला, ते उठले...

नऊ, दहा, अकरा आणि बारा तशाच राहिल्या.

प्रत्येक डबीखाली दाजींच्याच हातची एक पाटी होती. 'बटण एकदाच दाबावे. दिवा लागला म्हणजे निरोप पोचला. शांत बसून राहावे.' पूर्वी ते खरेही होते. पोच आली तरच दिवा लागे. परंतु 'पोच नको' केल्यावर बटण दाबताक्षणीच दिवा लागू लागला. हे केवळ दाजींना ठाऊक होते, आणि तेही विसरून गेले होते.

त्या शनिवारी कामगार दोन वाजता घरी गेले. एक मागे राहिला. त्याला सारे हळूभाऊ म्हणत. पन्नाशीचा, पेट्या रचणारा. कोणी घाई केली की हसून म्हणे, "सावकाश. काय घाई आहे?" रचलेल्या थरातील एक पेटी वाकडी दिसली तरी तो परत जाऊन ती सरळ करणार. त्या दिवशीही तो अंगात साधा सदरा असताना नऊ नंबरमध्ये शिरला असावा.

सोमवारी सकाळी आठला दार उघडले.

हळूभाऊ एका पेटीवर बसलेला होता. दाराकडे तोंड करून. टोपी गुडघ्यावर ठेवलेली.

कोणाची तरी वाट पाहत असावा, असा...

दाराची आतली मूठ बर्फाने जाम झालेली आढळली. पोलीस आले, पंचनामा झाला. चौकशी करणाऱ्या साहेबांनी स्वतः बटण दाबून पाहिले. दिवा लागला, पडद्यावर ओळ आली. साहेबांनी दाजींना विचारले, "शनिवारी आली होती ओळ?"

"नाही, साहेब."

"तुम्ही होता इथे?"

"चार वाजेपर्यंत होतो."

"मग त्याने दाबलंच नाही." साहेबांनी तसे लिहून टाकले.

दाजींच्या ओठावर शब्द आले होते. पोच नको. दोनच शब्द. परंतु साहेबांनी वही मिटली आणि दाजींनी तोंड.

त्याच दिवशी दुपारी पोलिसांनी नऊ नंबरला सील ठोकले. दाजी पडद्यासमोर बसले होते.

तीन वाजून दहा मिनिटे झाली.

पडद्यावर ओळ उमटली...

नऊ. बटण. दाबले. पोच नको.

दाजी धावत बोळात गेले. दाराला सील तसेच. आत कोण असणार? हवेतला काही घोटाळा असेल, असे त्यांनी मनाला समजावले. घरी काही बोलले नाहीत. आमच्या ताईने मात्र ताटाकडे पाहून विचारले, "भात का चिवडताय? मीठ कमी आहे का?"

"नाही गं. ठीक आहे."

शुक्रवारी, वीस तारखेस, पुन्हा तीन दहा.

नऊ. बटण. दाबले. पोच नको.

या खेपेस दाजींनी उलट विचारणा केली. नऊ नंबर, तापमान? डबीचे उत्तर आले, 'असे काही माझ्याकडे नाही.' बॅटरी? 'असे काही माझ्याकडे नाही.' मग त्यांनी डबीला तो प्रश्न विचारला जो नवी डबी बसविताना विचारतात, तुझ्याकडे काय काय आहे त्याची यादी दे.

यादीत एकच शब्द आला.

बटण.

दाजींनी विचारले, बटणाची स्थिती काय?

दाबलेले.

पाच मिनिटांनी पुन्हा विचारले. दाबलेले. वाचकहो, ते बटण असे आहे की बोट उचलताच आपोआप वर येते. दाबलेले राहायचे असेल, तर बोट त्यावर असावे लागते...

त्याच संध्याकाळी परवानगी काढून दाजींनी सील उघडविले आणि ती डबी भिंतीवरून उतरविली. भिंतीवर स्क्रूची चार भोके उरली. बॅटरी काढून कचऱ्यात टाकली. डबी आपल्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावले. कामगार त्या खोलीत जाईनात म्हणून ती रिकामीच राहिली, परंतु आठ आणि नऊची थंड हवेची नळी एकच असल्यामुळे गारवा तसाच चालू ठेवावा लागला.

अठ्ठावीस तारीख. शनिवार. तीन दहा.

खण बंद. बॅटरी नाही.

नऊ. बटण. दाबले. पोच नको.

हजेरीबाई त्या दिवशी उशिरापर्यंत थांबल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, तोंड का असं पांढरं पडलंय? सुनेने उलट उत्तर दिलं की काय?"

दाजींना हसू आले नाही. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून घेतले आणि पेन्सिलीने खुणा केल्या. शनिवारपासून दोन दिवसांनी पहिली ओळ. मग चार दिवसांनी. मग आठ.

दर खेपेस दुप्पट.

डबी पोच न मिळाल्यास करते अगदी तसेच. फक्त सेकंदांच्या जागी दिवस. आणि ज्या निरोपाला पोच नको असते, तो पुन्हा कधीच येत नाही. हा येत होता. त्याला 'मिळाले' म्हणावे तर म्हणता येत नव्हते, कारण तो पोच मागतच नव्हता. दाजींनीच तसे करून ठेवले होते.

सोळा दिवसांनी, तेरा एप्रिलला, चौथी खेप झाली. नियमाप्रमाणे चार वेळा पुन्हा पाठवून झाले म्हणजे डबी नाद सोडते. दाजींनी देवापुढे हात जोडले. आता संपले.

एप्रिल गेला. मे उजाडला. घरात ते पुन्हा बोलू लागले. ताईने मला फोन करून सांगितले, "तुझे दाजी माणसात आले रे एकदाचे."

पंधरा मे. बत्तिसावा दिवस. शुक्रवार.

तीन दहा...

सावकाश. काय घाई आहे?

पडद्यावर ओळ पाहताच हे शब्द दाजींना कानाशी ऐकू आल्यासारखे झाले. ते उठले आणि थेट हळूभाऊच्या घरी गेले.

हळूभाऊची बायको शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवीत होती. दाजींना पाहून तिने पाय थांबविला. "या भाऊजी, बसा."

दाजी बसले. तीच बोलू लागली.

"त्या दिवशी सकाळी भांडण झालं होतं आमचं. कशावरून, तर छत्री कोणी हरवली यावरून. जेवणाचा डबा न घेताच गेले. रात्री आले नाहीत तेव्हा वाटलं, रागावून बहिणीकडे गेले असतील. मीही रागात होते. शोधायला गेले नाही." तिने अभ्र्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "साहेब म्हणाले, त्यांनी बटण दाबलंच नाही. हाताशी होतं तरी नाही दाबलं. म्हणजे त्यांना घरी यायचंच नव्हतं ना, भाऊजी? एका छत्रीपायी?"

दोन महिने ते स्वतःची नोकरी सांभाळीत बसले होते, आणि ही बाई हे ओझे वाहत होती.

"वहिनी, त्यांनी दाबलं होतं."

"कशावरून?"

"मी ती डबी अशी करून ठेवली होती की ती एकदाच हाक मारेल आणि ओ आली का ते बघणार नाही. ती हाक त्या दिवशी वाटेत हरवली, आता मागाहून पडद्यावर येतेय. पुन्हा मारली असती, तर मला ऐकू आली असती. आणि दिवा लागला की निरोप पोचला, असं मीच पाटीवर लिहिलं होतं. त्यांनी दिवा बघितला. माझ्यावर विश्वास ठेवला, आणि बसून राहिले."

तिने अभ्रा यंत्रावर ठेवून दिला.

"म्हणजे वाट बघत होते."

"हो."

"रागावून नव्हते बसले."

"नाही वहिनी. दाराकडे तोंड होतं त्यांचं."

"आणि तुम्ही कुठे होता?"

"वीस पावलांवर."

तिने डोळ्याला पदर लावला नाही. आरडाओरडा केला नाही. तसे केले असते तर बरे झाले असते, असे दाजी मला म्हणाले. ती फक्त एवढेच बोलली, "मला सांगितलंत, बरं केलंत. आता वाट बघणाऱ्याला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी दाजींनी चौकशीच्या साहेबांकडे लेखी कबुली दिली. कागदावरचे 'बटण दाबले नाही' हे वाक्य खोडण्यात आले. मालक फार तापले. जुलैअखेर काम सोडा, असे त्यांनी तोंडावर सांगितले. दाजींनी मान डोलाविली. त्यांच्या डोक्यात दुसरीच तारीख होती.

चौसष्ट दिवस. अठरा जुलै. शनिवार.

त्या दिवशी दोन वाजता सारे घरी गेले. दाजी हजेरीबाईंना म्हणाले, "साडेतीनपर्यंत थांबाल का? या पडद्याकडे लक्ष ठेवा. काही आलं तर वेळ लिहून ठेवा."

"आणि तुम्ही कुठे निघालात?"

"नऊ नंबरला."

हजेरीबाईंचा चेहरा उतरला. तरी त्या म्हणाल्या, "चहा पाजणार असाल तर थांबते. आणि अंगात काहीतरी जाड घाला, तुमच्या बायकोला मला जाब द्यायचा नाही."

दाजींनी जाड कोट चढविला. दाराची आतली मूठ एप्रिलमध्ये दुरुस्त झाली होती. तरीही त्यांनी उंबऱ्यात एक जाड लाकडी ठोकळा टाकला, जेणेकरून दार मिटू नये. तीन वाजता ते आत गेले. रिकाम्या खोलीत एकच पेटी होती. उलटी ठेवलेली.

ते तिच्यासमोर उभे राहिले.

पाठीमागे दार मिटले.

आपटले नाही... हळूच मिटले.

काळोख झाला. दिव्याचे बटण बाहेर. दाजींनी मूठ ओढली. हलली नाही. मोबाइलला सिग्नल नव्हता. त्यांनी दार बडविले, हाका मारल्या. त्या दारांची जाडी वीतभर असते. हात सवयीने डबीकडे गेला...

चार भोके.

डबी त्यांनीच काढून नेली होती.

मग त्यांचे पाय गारठू लागले. पापण्यांवर बर्फाचे कण जमू लागले. ते पेटीवर बसले. दाराकडे तोंड करून. त्यांना कळत होते की आपण नेमके कोणासारखे बसलो आहोत, आणि उठावेसेही वाटत नव्हते.

आणि तेव्हा काळोखात आवाज आला.

टक्.

भिंतीवर, त्या चार भोकांच्या मधोमध, एक लाल दिवा लागला होता...

दाजी उठले नाहीत. त्यांच्या तोंडून एवढेच निघाले, "पोचलं, हळूभाऊ. उशीर झाला. पण पोचलं."

दिवा विझला.

थोड्याच वेळात दार उघडले. प्रकाशात हजेरीबाई उभ्या होत्या. एका पायात चप्पल, दुसरी बोळात कुठेतरी निसटलेली. दाजींना ओढून बाहेर काढीत त्या ओरडल्या, "अहो, सारखं येतंय! एकदा आलं, मला वाटलं चुकून. दोन सेकंदांनी परत. मग परत, मग परत. थांबेचना! तुम्ही आत काय दाबत होता?"

"काही नाही. आत बटण नाही."

कार्यालयात येऊन दाजींनी पडदा पाहिला. तीन दहापासून पाच ओळी होत्या. पहिली, मग दोन सेकंदांनी, चार सेकंदांनी, आठ, सोळा. पाचही नऊ नंबरच्या. पाचही ओळींच्या शेवटी 'पोच नको' नव्हते.

पोच हवी, असे होते.

नऊ नंबरची डबी 'पोच हवी' कोणी केली? दाजींनी खण उघडला. डबी होती तेथेच होती. बॅटरीची जागा रिकामी.

आणखी एक. उंबऱ्यातील तो लाकडी ठोकळा नंतर सापडला. बोळात, भिंतीला टेकवून, अगदी सरळ उभा करून ठेवलेला. हजेरीबाई शपथेवर सांगतात की त्यांनी त्याला हात लावला नाही. दाजींनी तर नाहीच.

दार मिटले कोणी आणि निरोप पाठविला कोणी? दोन्ही एकच असेल, तर त्याच्या मनात काय होते? मी दाजींना हे विचारले. ते म्हणाले, "मला वाचवलं की आधी बसवून दाखवलं, ते मला माहीत नाही. तू नको विचारत जाऊस."

आता दाजी माझ्याच दुकानात बसतात. येताना ती डबी घेऊन आले. माझ्या टेबलावर एक जुना संगणक आहे. त्यावर त्यांनी तो काळा पडदा पुन्हा सुरू करून ठेवला आहे. मी विरोध केला. ते ऐकत नाहीत.

अठरा जुलैनंतर एकशे अठ्ठाविसावा दिवस, तेवीस नोव्हेंबर. सोमवार.

म्हणजे उद्या.

पोच मिळाली असेल, तर उद्या काही येता कामा नये. नियम तरी तसाच सांगतो. दाजींनी हे हळूभाऊच्या बायकोलाही सांगितले आहे. काल ती दुकानात आली होती. डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, लाल बटणावरून अंगठा फिरविला, दाबले मात्र नाही. जाताना म्हणाली, "उद्याच्याला नाही, परवा तीनला येते. काही आलं तर मला वाचून दाखवा. नाही आलं तरी सांगा. मी बसेन."

हे लिहिताना डबी माझ्या समोर आहे. मी ती पालथी घालून ठेवली होती.

आत्ता पाहतो तो ती सरळ आहे.

दाजींनीच केली असेल. ते आत निजले आहेत. उठवून विचारण्याचे धैर्य मला होत नाही.

आपण वेळ काढून हे वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. आपल्यापैकी कोणाचे कोणाला 'तुमचा निरोप पोचला' असे सांगायचे राहिले असेल, तर कृपया आजच सांगावे.

आपला नम्र,
पंखेवाला मामा